तुमच्या आजोबांची जागा मी कशी ठरवली

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला सरळ विचारलंत, की आजोबांना घरी का ठेवलं नाही, आणि बाहेर ठेवायचंच होतं तर हीच जागा का, जिच्या भिंतीचा उडालेला रंग फोटोतसुद्धा दिसतो. प्रश्न रास्त होता. तुमच्या बाबांनी मध्येच विषय बदलला, ते मला आवडलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं, आणि तुम्हालाही इंग्रजी वाचणं सोपं जाईल हे मला माहीत आहे. पण यातली सगळी माणसं माझ्याशी मराठीत बोलली, तेव्हा मराठीतच लिहिते. अडेल तिथे बाबांना विचारा.

आजोबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा तुम्ही येऊन गेलात. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, हे तुम्ही पाहिलंत. त्यांचं गिळणं बिघडलंय हे मात्र तुमच्या लक्षात आलं नसणार, कारण तेव्हा नाकातून नळी होती. नळी काढल्यावर कळलं, की पाणी, चहा, आमटी असं पातळ काही तोंडात गेलं की ते पोटात जाण्याऐवजी श्वासनलिकेत उतरतं. एकदा तसं झालं आणि न्यूमोनिया होऊन आम्ही अकरा दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "आजी, हे पुन्हा झालं तर माझ्या हातात फार काही राहणार नाही."

मग त्यांनी भरवायची पद्धत शिकवली. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे झुकवायची, पेजेपेक्षा घट्ट असं काहीतरी अर्धा चमचा द्यायचं. घास खाली उतरला हे गळ्यावर दिसलं की मगच पुढचा चमचा. भरवताना त्यांच्याशी बोलायचं नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. मी चार महिने तसंच केलं. एकेका जेवणाला पाऊण तास लागायचा. भरवणं मला जमत होतं. उचलणं जमत नव्हतं. घरी येणाऱ्या आया महिना-दीड महिन्यात सोडून जायच्या, आणि दोन आयांच्या मधले दिवस मी एकटी काढायची. अशाच एका सकाळी न्हाणीघरात आम्ही दोघंही पडलो. माझं मनगट मोडलं, आणि शेजारच्यांना माझी हाक ऐकू जाईपर्यंत आजोबा ओल्या फरशीवर पडून होते. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. त्या फरशीवर असतानाच मी ठरवलं, की आता यांच्यासाठी जागा शोधायची, आणि ती मी स्वतः पाहून शोधायची.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की लोकांना बाळंतपणाचा दवाखाना वाटतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या जागेला सगळे सरसकट आश्रमच म्हणतात. त्यामुळे कर्जतला आजोबांच्या भावाकडे बातमी पोचली ती "दादाला आश्रमात टाकतायत" अशी, आणि दुसऱ्या दिवशी तुमचे धाकटे आजोबा दारात उभे राहिले.

"वहिनी, आमी मेलो का?" त्यांनी चप्पल काढायच्या आधीच विचारलं.

"तुम्ही न्याल त्यांना कर्जतला?"

"आजच्या आज नेतो. घर मोठं हाय, मानसं हायेत."

"मग दुपारचं जेवण तुम्ही भरवा," मी म्हटलं, आणि वाटी त्यांच्या हातात दिली. पद्धत सगळी सांगितली.

दोन चमचे नीट गेले. तिसऱ्याला त्यांनी प्रेमाने विचारलं, "दादा, बरं लागतंय का?" आजोबांनी आयुष्यात कोणाचा प्रश्न अनुत्तरित ठेवलेला नाही. ते उत्तर द्यायला गेले आणि घास अडकला. ठसका असा लागला की ओठ काळेनिळे पडले. मी त्यांना पुढे वाकवून प्लास्टरच्या हातानेच पाठीवर मारलं, तेव्हा श्वास आला. धाकट्या आजोबांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, हे आपल्याच्यानं व्हायचं न्हाई."

"माझ्याच्यानंही होत नाही. म्हणूनच बघते आहे."

संध्याकाळच्या एसटीने ते परत गेले. त्यानंतर टाकणं हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.

पहिली जागा तुमच्या बाबांनी तिकडे बसून शोधली होती. फोटो सुंदर होते आणि जागाही फोटोसारखीच निघाली. शहराबाहेर, मोठं फाटक, आत हिरवळ, पांढऱ्या टाइल्स. मी वेळ ठरवून गेले होते. व्यवस्थापकांनी चहा दिला, एकेक खोली दाखवली. मी वहीत लिहून घेत होते. चादरी स्वच्छ. संडासात धरायला दांडे आहेत, पण त्यावर टॉवेल वाळत घातलेले. कोणाच्याही हाताजवळ बोलवायची बेल नाही. व्यवस्थापक म्हणाले, "बेल बसवायचं काम चालूच आहे, मॅडम." फारशा तक्रारी नव्हत्या. प्रवेशाचा फॉर्म माझ्या पर्समध्ये होता आणि मी तो भरणारही होते.

तेवढ्यात फाटकातून दोन गाड्या आल्या. कोणाच्या तरी मुलाचा पाचवा वाढदिवस होता. आपल्याकडे ही रीत तुम्ही पाहिली आहे. वाढदिवस, पुण्यतिथी, मुलाला नोकरी लागली, काहीही असो, वृद्धाश्रमात एक जेवण द्यायचं, गोड वाढायचं. पहिला घास आपल्या हाताने भरवायचा आणि फोटो काढायचा. ती मंडळी गुलाबजामचं पातेलं घेऊन खोलीत शिरली. भिंतीला तोंड करून झोपलेल्या एका बाईंना त्यांनी हाक मारून वळवलं, मान जेमतेम उशीवर, आणि मुलाच्या हातून अख्खा गुलाबजाम त्यांच्या तोंडात दिला. पाक गालावरून ओघळला. बाई खोकायला लागल्या. मोबाईलवाल्याने "अजून एक, अजून एक" म्हणून दुसरा फोटो काढला. खोलीत दोन आया होत्या. त्या कौतुकाने बघत होत्या.

बाईंचा खोकला थांबला. काही झालं नाही. पण माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. असाच एक फोटो आपल्या घरातल्या अल्बममध्ये आहे. आजोबांच्या साठीपासून दर वाढदिवसाला आम्ही दोघं एका आश्रमात जिलेबी घेऊन जायचो. त्या फोटोत मी एका आडव्या पडलेल्या गृहस्थांच्या तोंडात जिलेबीचा तुकडा देते आहे आणि हसते आहे. त्यांना गिळता येतं का, साखर आहे का, आम्ही कधी कोणाला विचारलं नाही. शिकलेली माणसं आम्ही. दहा वर्षं गेलो.

मी व्यवस्थापकांना विचारलं, "बाहेरच्यांनी भरवलेलं तुम्हाला चालतं?"

"देणगीदार आहेत, मॅडम. ते एवढ्या भावनेनं येतात, त्यांना नाही कसं म्हणणार?"

"ज्यांना गिळता येत नाही त्यांचं काय?"

"थोडंसंच देतात हो."

मी पेनाला टोपण लावलं. फॉर्म पर्समध्ये तसाच परत आणला.

बाहेर आपले रिक्षावाले भाई थांबले होते. आजोबांना आणि मला गेली कित्येक वर्षं बँकेत, दवाखान्यात तेच नेतात. मी रिक्षात बसले.

"न्हाई पसंत पडली?" त्यांनी आरशातून विचारलं.

"दिसायला छान आहे."

"मॅडम, फाटक बघून आश्रम पसंत करता का तुमी? मला इचारायचं आधी. सकाळी सातला ड्युटी बदलती तवा आया मीच सोडतो. ह्या टाइल्सवाल्याकडं दर महिन्याला नव्या बाया. नाव इचारायला जावं तर बाई गेलेली. शहरातच सावेडीत एक जुना बंगला हाय, तिथं माझ्या पोरीच्या लग्नाआधीपासून त्याच चौघी. पोरीला आता दोन लेकरं झाली."

"पगार जास्त देतात का तिथे?"

"सारखाच. पन तिथली सिस्टर लई शिव्या घालती आन मग नीट शिकवती. हितं कोनी शिवी बी देत न्हाई आन शिकवत बी न्हाई."

माझ्या वहीत आया किती वर्षं टिकतात हा प्रश्नच नव्हता. मी मुख्याध्यापिका होते. ज्या शाळेतले शिक्षक दरवर्षी बदलतात तिथे मुलांचं काय होतं हे मला माहीत असताना तो प्रश्न मला सुचला नव्हता. रिक्षातच मी तो लिहून घेतला. भाईंना म्हटलं, "उद्या साडेसहाला या. मीही त्या सावेडीतल्या आयांबरोबर येते."

"फोन न करता?"

"फोन न करता."

दुसऱ्या दिवशी पावणेसातला आम्ही त्या बंगल्यापाशी पोचलो. रंग उडालेला होता, तो तुम्ही पाहिलाच आहे. दारात अकोले तालुक्यातल्या राजूरकडच्या एक मावशी उभ्या होत्या. चौघींपैकी सगळ्यांत जुन्या त्याच. त्यांनी मला आत सोडलं नाही.

"आंघोळी चालू हायेत. कोनाचं अंग उघडं असताना बाहेरचं मानूस आत येत न्हाई. बसा पायरीवर."

मी पंचवीस मिनिटं पायरीवर बसले. मला राग आला होता. मग विचार केला, उद्या आतल्या कॉटवर आजोबा असतील तेव्हा या बाईने कोणालाही आत सोडलेलं मला चालेल का? राग उतरला.

आत सतरा कॉट होत्या, त्यातली एक रिकामी. सकाळच्या वेळी लघवीचा वास येत होता आणि दोन बाया तो धुऊन काढत होत्या. प्रत्येक कॉटच्या पायथ्याशी लहान मुलांची पाटी टांगलेली, त्यावर खडूने वेळ आणि डावी, उजवी किंवा उताणे. अंथरुणातल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला, टाचांना जखमा होतात, त्याची ती नोंद. मी मनाने तीन कॉट निवडल्या आणि पाटीशी माणूस ताडून पाहिला. दोन बरोबर निघाल्या. तिसऱ्या पाटीवर उजवी होतं आणि गृहस्थ उताणे होते.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

मावशींनी पाहिलं. "नाष्ट्याला बसवायचं म्हनून उतानं केलं. लिव्हायचं ऱ्हायलं." पदराला हात पुसून त्यांनी माझ्यासमोर पाटी दुरुस्त केली. सबब पुढे वाढवली नाही. मी टाचा बघू का विचारलं, त्यांनी चादर तेवढीच उचलून दाखवल्या. सोळांपैकी एका बाईंना जखम होती, ती त्या घरून घेऊन आल्या होत्या आणि भरत आली होती. मी मावशींना आजोबांबद्दल सांगितलं, गिळण्याचा सगळा त्रास सांगितला. त्या ऐकत होत्या आणि मध्येमध्ये नेमके प्रश्न विचारत होत्या. तूप घातलेला भात जातो का, झोपेत लाळेने ठसकतात का.

यानंतर मी जे केलं ते तुम्हाला न सांगता सोडता आलं असतं.

कोणाकडे पहिल्यांदा जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही, म्हणून मी पेढ्यांचा पुडा नेला होता. शेवटच्या कॉटवर एक वृद्ध गुरुजी होते. भांग पाडलेला, सदऱ्याची बटणं लावलेली. त्यांनी पुडा पाहिला, हसले आणि हात पुढे करून म्हणाले, "द्या." मीही हसले. पुडा उघडला, एक पेढा मोडला, आणि अर्धा त्यांच्या तोंडाशी नेला.

मावशींनी माझं मनगट धरलं. नुकतंच प्लास्टर काढलेलं मनगट.

"आजी, हात मागं घ्या."

"अर्धाच आहे."

"अर्ध्यानंच जातोय मानूस. गुरुजींनाबी गिळायला तरास हाय. तुमच्या मालकांचं आत्ताच सांगितलं ना मला? मग?"

मी हात मागे घेतला. एक दिवस आधी मी त्या गुलाबजामवाल्या मंडळींना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं.

गुरुजी चिडले. "इतक्या दिवसांनी कोणी गोड आणलं, तेही हिने हिसकावलं."

"गुरुजी, दुपारी घट्ट खिरीत कालवून देते. पुरा पेढा देते. आता गप ऱ्हावा."

"पुरा?"

"पुरा."

पुडा मावशींनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. माझ्या लेखी त्या क्षणी जागा ठरली होती, पण ते मी लगेच बोलून दाखवलं नाही.

बंगला चालवणाऱ्या सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. आवाज मोठा. मावशींनी झालेला प्रकार त्यांना सांगितला होता, त्यामुळे माझी ओळख पेढेवाल्या आजी अशीच झाली. मी विचारलं, देणगीदारांनाही असंच थांबवता का.

"बाहेरचं अन्न स्वयंपाकघरात द्यायचं. भरवायचं नाही, फोटो कॉटपाशी काढायचा नाही. चिडतात लोक. एक मंडळ तर बॅनर गुंडाळून निघून गेलं, परत फिरकलं नाही. ते येत होते तेव्हा दर दिवाळीला रंग व्हायचा." त्यांनी भिंतीकडे पाहिलंही नाही. "रंगानं कोणी मरत नाही."

मग मी वही काढली. मागचं दार कुलूपबंद होतं. मी विचारलं, आग लागली तर किल्ली कुठे आहे. सिस्टरांनी एकीला पाठवलं, तिने दुसरीला विचारलं. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. किल्ली सापडायला चार मिनिटं लागली.

"चार मिनिटांत सोळा माणसं कशी बाहेर काढाल?" मी विचारलं.

"एक आजोबा उठून बाहेर जातात, रस्ता लागतो, म्हणून कुलूप आहे."

"मग आतून उंचावर कडी लावा. कुलूप नको. कडी लागल्याचं दिसल्याशिवाय मी त्यांना आणणार नाही."

"शिक्षिका होतात का?"

"मुख्याध्यापिका."

"वाटलंच," सिस्टर म्हणाल्या.

मागच्या उताराला कठडा नव्हता, तेही मी सांगितलं. रात्री सोळा माणसांमागे दोनच बाया असतात, हेही सांगितलं. कडी चार दिवसांत लागली, कठडा दहा दिवसांनी. रात्रीची तिसरी बाई परवडणार नाही, असं सिस्टरांनी तोंडावर सांगितलं. ते मी स्वीकारलं. दोन कमीच आहेत, आणि मी ते विसरलेले नाही. पण रात्री एक बसते आणि एक पडते, दोघी एकदम झोपत नाहीत, हे मी दोनदा पहाटे जाऊन पाहिलं.

तुमच्या बाबांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "आई, ती पहिली जागा किती चांगली होती. इथे तर पोपडे निघालेत."

"तिथे पाहुणे भरवतात," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "आणि इथे?"

"इथे मलाही भरवू दिलं नाही."

ते पुढे वाद घालत बसले नाहीत.

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. मला न सांगता, सिस्टरांना न सांगता, कुठल्याही वेळी जा. पाटी वाचा आणि आजोबांकडे बघा. जुळत नसेल तर मला सांगा, मी दुसरी जागा शोधेन. जागा एकदा ठरवली म्हणजे काम संपलं, असं मी धरलेलं नाही.

आजोबांना ज्या दिवशी नेलं त्या दुपारी पहिलं जेवण मीच भरवणार असं मी मनाशी धरून होते. वाटी, चमचा, रुमाल, सगळं घरून नेलं होतं. मावशींनी आजोबांच्या पाठीशी दोन उशा दिल्या, हनुवटीखाली घडी घातलेला पंचा ठेवला आणि माझ्याकडून वाटी घेतली. मी कॉटच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि त्यांच्या चमच्यावर नजर ठेवून राहिले. चमचा जरा भरलेला वाटला की माझा हात आपोआप पुढे व्हायचा.

"आजी," मावशी म्हणाल्या, "माझ्या हाताकडं बगू नका. त्यांच्या गळ्याकडं बगा."

मी गळ्याकडे पाहिलं. घास उतरला. मावशी थांबल्या, अजून थोडं थांबल्या, आणि मग पुढचा चमचा दिला. त्या एक शब्दही बोलत नव्हत्या. आजोबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत चमच्याकडे. मला लागतो तेवढाच वेळ मावशींनाही लागला. वाटी संपली तेव्हा त्यांनी ती मला तिरकी करून दाखवली आणि आजोबांना तसंच बसवून ठेवलं. अर्धा तास झाल्यावर आडवं केलं आणि पाटीवर लिहिलं, डावी.

मी निघताना संडासाकडे जाणाऱ्या बोळातला दिवा लागत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, उद्या माणूस येतोय. उद्याच्या आधी एक रात्र होती, आणि त्या बोळातून रात्री चारपाच जणांना हाताला धरून न्यावं लागतं.

भाईंनी रिक्षा सुरू केली. "घरी ना, मॅडम?"

"आधी इलेक्ट्रिकच्या दुकानात."

"आजच साहेबांना ठेवलं. एक दिवस तरी गप बसा."

मी त्यांना चौकातून वळायला सांगितलं. दोन बल्ब घेतले, एक जास्तीचा, आणि आम्ही परत आलो. मावशी स्टुलावर चढल्या. स्टूल एका पायावर डुगडुगत होतं, ते मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.